नारळ फोडलेली कादंबरी

बापूरावांच्या वाघाला मी कंटाळलो होतो. त्यांची कथा कुठे अडली, नायक एका गुहेत आणि नायिका तिसऱ्याच राज्यात अशी तिची गत झाली, की झाडीतून वाघ यायचा. कधी तो नायिकेला पळवत पळवत बरोबर नायकाच्या गुहेपाशी आणून सोडायचा, तर कधी दुष्ट प्रधानाला खाऊन टाकायचा आणि पुढच्या दहा पानांचं काम वाचवायचा. एकदा तर तो भर समुद्रात गलबतावर आला. मी म्हटलं, "बापूराव, गलबतावर वाघ कुठून?"

"पिंजऱ्यात होता. राजाला नजराणा चालला होता."

"मग पिंजरा आधी का नाही सांगितला?"

"तात्या, आधी सांगितला असता तर वाचकाला कळलं नसतं का, की आता वाघ येणार!"

मी पान घेतलं आणि खिळे जुळवणाऱ्यांच्या हाती दिलं. ठाण्याला तळ्याच्या बाजूला तेव्हा माझा लहानसा छापखाना होता. कचेरीचे फॉर्म, पंचांगं, स्तोत्रांच्या चोपड्या असा शहाण्या माणसाचा धंदा होता. त्यात बापूरावांची कादंबरी दरमहा एकेक भाग करून निघायची. तिनं मला वर्गणीदार दिले हे खरं, पण माझे अर्धे केस तिनंच पिकवले. माझं म्हणणं असं, की आता इंग्रजी शाळा निघाल्या, आगगाडी आली, तेव्हा कादंबरीनंही जरा डोळे उघडून आजूबाजूला बघावं. आपल्या घरात काय चाललं आहे ते लिहावं. मी हे बापूरावांना दर भेटीत सांगायचो. ते सुपारी कातरत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आपल्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे हो. म्हणून तर लोक कादंबरी वाचायला बसतात." मी पुढे काही बोललो, तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आणि खरंच ऐकायचं असेल तर ठाण्याला कोर्ट आहे की."

बापूराव कल्याणच्या बंदरावर, नाक्याच्या कचेरीत कारकून होते. भात, मीठ, कौलं, लाकूड यांचे मचवे खाडीतून यायचे-जायचे, त्यांची नोंद करायची एवढं त्यांचं काम. अंगानं किरकोळ, पागोटं नेहमी एका बाजूला कललेलं, आणि ओठ सारखे हलत असायचे. लिहिताना त्यांना मोठ्यानं बोलल्याशिवाय वाक्यच सुचत नसे. राक्षस गर्जना करत असेल तर कचेरीत गर्जना ऐकू यायची आणि शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आत धावायचा. काश्मीर, सिंहलद्वीप, समुद्रातली सोन्याची बेटं, असा त्यांच्या कादंबऱ्यांचा मुलूख असायचा. स्वतः मात्र कल्याणहून ठाण्यापलीकडे जायचे नाहीत. मुंबई एकदाच पाहिली, आणि ती त्यांना आवडली नाही. म्हणाले, "फार खरी आहे." काश्मिरात त्यांनी बंदर घातलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. काश्मिरात समुद्र नाही हे मी त्यांना नकाशा उघडून दाखवलं. त्यांनी नकाशा कौतुकानं पाहिला आणि म्हणाले, "वाचकाला काश्मीर नको असतं, तात्या. त्याला लांब हवं असतं." बंदर राहिलं.

त्यांचे काही नियम होते, आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. नायिकेला कितीही रानोमाळ हिंडवावं, पण तिच्या पायातला काटा वाचकादेखत काढावा. खलपुरुषाला निदान एक गुण ठेवावा, नाहीतर वाचक त्याची वाट बघत नाही. प्रत्येक भाग अशा ठिकाणी तोडावा, की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक 'मग?' निघालं पाहिजे. "मग? एवढंच विचारतो बिचारा वाचक," ते म्हणायचे, "तुम्ही त्याला सुधारायला निघालात." आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की प्रेत दिसेपर्यंत माणूस मेला असं धरू नये. त्यांच्या हरएक कादंबरीत नायिकेचा नवरा लढाईत पडायचा किंवा समुद्रात बुडायचा. बातमी यायची, रडारड व्हायची, पण नायिकेला स्वप्न पडलेलं असायचं म्हणून ती कुंकू पुसायची नाही. शेवटच्या भागात दाराशी एक बैरागी यायचा, आणि तो बैरागी म्हणजेच नवरा. माझे खिळे जुळवणारे 'बैरागी' हा शब्द जुळवता जुळवता "आले रावसाहेब!" म्हणून एकमेकांना टाळ्या द्यायचे.

मी ज्या कादंबरीबद्दल सांगतो आहे तिची नायिका कुंदलता आणि नायक शूरकेतू. ती चालू असताना बापूरावांनी एक उपद्व्याप करून ठेवला. डोंबिवलीकडे खाडीच्या काठाला मिठागरांचं एक गाव होतं. तिथला जोमा पाटील मीठ घेऊन कल्याणला यायचा. एकदा कचेरीबाहेर पावतीसाठी थांबला असताना आत बापूराव लिहीत होते, म्हणजे ओरडत होते. पाटील ऐकत उभा राहिला. ऐकता ऐकता ओहोटी लागली, मचवा चिखलात बसला, तरी हा तिथेच. शेवटी त्यानं बापूरावांना गावात येऊन हे सगळं वाचून दाखवायचं आमंत्रण दिलं. बापूराव सुट्टीच्या दिवशी मचव्यात बसून गेले. गावदेवीच्या देवळात सगळं गाव जमलं होतं. पाटलाची आई, तिला सारा गाव बय म्हणायचा, ती पुढे झाली. तिनं चौरंगावर माझ्या छापखान्यातला तो भाग ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

तिथंच बापूरावांनी सांगायला हवं होतं, की बय, ही पोथी नव्हे, ही कादंबरी आहे. पण जन्मात पहिल्यांदा त्यांच्या लिखाणाला कुणी हळदकुंकू वाहत होतं. ते तोंड मिटून बसले, आणि पुढे प्रत्येक भाग निघाला की तिथं जाऊन वाचू लागले. आता त्या घरी नियम असा, की नारळ फोडून लावलेली पोथी शेवटास न्यायची, तीही मंगल ठिकाणी, आणि मगच घरात कार्य काढायचं. जोमा पाटलाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. बापूराव मला म्हणाले, "काळजी कशाला? चैत्रात शूरकेतू परत येतोच आहे." पोथी म्हणून कादंबरी लावणारं ते गाव आणि त्याला मान डोलावणारे हे लेखक, दोघांनाही कोपरापासून हात जोडावेत असं मला वाटलं.

पण फाल्गुन संपत आला तरी पुढचा भाग माझ्याकडे येईना. मी चिडून आगगाडीनं कल्याण गाठलं. बापूरावांचं घर ब्राह्मण आळीत होतं. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण गोदूताई, दोघंच. गोदूताईंचा चेहरा मी तोवर धड पाहिला नव्हता, पण त्यांचं अक्षर माझ्या ओळखीचं होतं. बापूरावांचे कागद म्हणजे कोंबडीचे पाय उमटलेले, ते गोदूताई सुवाच्य उतरून द्यायच्या. भातुकली खेळायच्या वयात त्या विधवा झाल्या होत्या. बापूरावांनीच त्यांना घरी लिहा-वाचायला शिकवलं होतं.

मी ओटीवर बसून बापूरावांना फैलावर घेतलं. वर्गणीदार खोळंबलेत, शूरकेतू बुडालाय तो बाहेर काढा, बैरागी आणा आणि मला मोकळा करा. बापूराव नुसते सुपारी कातरत राहिले. तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला.

"त्यांना काय विचारता, तात्या? मीच उतरून द्यायची नाही म्हटलंय."

मला वाटलं अक्षरावरून काही बोलणं झालं असेल. पण गोदूताई दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, डोईवरून पदर घट्ट ओढलेला.

"आजवर किती बैरागी झाले, दादा?" त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी नवरा परत येतो. भाग छापून आला की आळीतल्या बायका मला वाचायला लावतात, आणि तो आला की सगळ्या माझ्याकडे बघतात. तुला वाटतं, गोदूला बरं वाटत असेल."

"तुझ्यासाठीच तर सुरू केलं होतं," बापूराव हळूच म्हणाले.

"तेव्हा मी लहान होते रे. तू रोज गोष्ट सांगायचास, बुडालेला राजपुत्र बैरागी होऊन आला. मला खरं वाटायचं. दाराशी कुणी बैरागी आला की मी धावत जाऊन त्याचं तोंड बघायची. आईनं मारलं तेव्हा थांबले. आता पुरे झालं. एकदा तरी कुणाचा नवरा मरू दे आणि मेलेलाच राहू दे. आणि मग तिनं काय केलं, ते लिही. ते कुणीच लिहीत नाही."

"गोदू, असं लोक वाचणार नाहीत."

"मी वाचीन. मी नाही का लोक?"

मला अगदी भरून आलं, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. इतकी वर्षं मी या गृहस्थांना खरं लिहा, खरं लिहा म्हणून कानीकपाळी ओरडत होतो ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि ते खरं यांच्याच माजघरात पदर ओढून बसलेलं होतं. मी उठताना म्हटलं, "बापूराव, आता तरी वाघ आणू नका."

त्यांनी वाघ आणला नाही. चैत्राच्या भागात त्यांनी आपला सगळ्यांत मोठा नियम मोडला. शूरकेतूचं प्रेत किनाऱ्याला लागलं, कुंदलतेनं ते ओळखलं, चिता पेटली. ते पान जुळवताना माझ्या छापखान्यात कुणी टाळी दिली नाही. आणि त्यापुढे बापूरावांची लेखणीच अडली. कुंदलता उद्या सकाळी उठून काय करील, हे त्यांना सुचेना. सोन्याच्या बेटावरचे राक्षस काय खातात हे ज्या माणसाला ठाऊक होतं, त्याला एक बाई सकाळी उठून काय करते ते ठाऊक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, घरात विचारा. तर म्हणाले, "तेच धाडस होत नाही."

एवढ्यात जोमा पाटील मला शोधत ठाण्याला आला. बापूरावही तेव्हा छापखान्यातच होते, शाईच्या डब्यापाशी तोंड पाडून बसलेले. पाटील टेकलासुद्धा नाही.

"बापूराव, ह्यो काय केलाव तुमी? राजा मारलाव, आन् पोथी तिथंच थांबली. आमचे घरान मांडव कसा घालू? बय आयकत नाय."

बापूराव म्हणाले, "पाटील, मेलेला माणूस आता कसा उठवू? प्रेत दाखवलंय मी."

"मेला त मेला," पाटील म्हणाला. "तिचा पाट लावा की! तो सेनापती हाय, चांगला धडधाकट हाय, तिच्यासाठी लरला. लावा पाट, मंगल जाला, आमी नारल फोरतो."

बापूरावांनी शाईच्या डब्यावरून मान वर केली. विधवेचा पाट लावायचा, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायचं, ही त्याच्या गावातली साधी रीत होती. बापूरावांच्या आळीत तो शब्द काढला असता तर त्यांच्या घरचं पाणी बंद झालं असतं.

"पाटील, ती राजकन्या आहे," ते कसंबसं म्हणाले.

"मंग? राजाची पोर काय जलमभर भिंतीकरं तोंड करून बसल?"

पाटील गेल्यावर बापूराव उठून खिडकीशी गेले. म्हणाले, "तात्या, इतकी वर्षं मी मेलेल्यांना उठवतोय, केवढी गलबतं बुडवली, बेटं उभी केली. त्याला एका वाक्यात जमलं." मी म्हटलं, "मग लिहा." ते म्हणाले, "तुम्ही छापाल?" मी छापीन म्हणालो. मी छापलं असतं, यावर माझा आजही विश्वास आहे.

आठवड्यानं कागद आले. गोदूताईंचंच अक्षर, पण एरवी सरळ जाणाऱ्या ओळी खाली उतरलेल्या. मी वाचायला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. चितेवर जळला तो शूरकेतू नव्हताच, तो म्हणे त्याचा तोतया! आणि दाराशी बैरागी. मी तसाच कल्याणला जाऊन त्यांना वाटेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी माणूस भित्रा आहे हो. शूर माणसानं कशाला गोष्टीत गलबतं घातली असती?" गोदूताईंनी उतरून दिलं होतं, मात्र त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत.

समाप्तीच्या वाचनाला त्यांनी मलाही ओढून नेलं. कारण त्यांचा घसा बसला होता. कशानं कोण जाणे, पण तोंडून फुसफुस सोडून काही निघत नव्हतं, आणि लग्न तोंडावर आलेलं. तेव्हा वाचायचं मी. काढा घेऊन गोदूताई सोबत आल्या. सकाळच्या भरतीला आमचा मचवा गावाला लागला. मिठागरांत मिठाच्या राशी पडल्या होत्या. देवळात बसायला जागा नव्हती. गोदूताई आत आल्या नाहीत, लग्नघरची पोथी म्हणून आपली अपशकुनी सावली नको असं मनाशी धरून त्या लांब वडाखाली जाऊन बसल्या.

मी वाचायला लागलो. मी शुद्ध वाचतो, विरामचिन्हं पाळतो. पानभर झालं असेल नसेल, बयनं हात वर केला.

"रं बामना, थांब. मुरद्याजवल बसल्यावानी वाचतंस तू. ही लिवते कोन, ती पोर कं हाय?"

कागद बहीण उतरून देते हे बापूरावांनी तिला मागेच सांगितलं होतं. कुणीतरी वडाकडे बोट दाखवलं. बय स्वतः उठून गेली. गोदूताई मागे सरकल्या. म्हणाल्या, "बय, मला आत नका नेऊ. मी तशी..."

"तशी म्हंजे? माजा पयला दादला खाडीन बुडाला. मंग पाट लागला, तवा ह्यो जोमा जाला. आमचे घरान सगला मंगलच हाय. चल गो आत."

आणि हाताला धरून तिनं गोदूताईंना चौरंगासमोर आणून बसवलं. मी कागद त्यांच्या हाती दिले आणि बापूरावांशेजारी खांबाला टेकून बसलो. मनात म्हटलं, वाचा आता, आला तुमचा बैरागी.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी आवाज लहान होता, मग मोकळा झाला. तोतयाच्या पानावर मात्र त्या आल्याच नाहीत. तो कागद त्यांनी न वाचता खाली ठेवला. पुढचं पान घेतलं. दाराशी बैरागी आला, अंगाला राख, हातात कमंडलू. कुंदलता धावत दाराशी गेली. इथं त्या थांबल्या. पान संपलं नव्हतं, मला माहीत होतं, मी ते जुळवून ठेवलं होतं. गोदूताईंनी कागद मांडीवर उपडा घातला.

"कुंदलतेनं त्याचं तोंड बघितलं," त्या म्हणाल्या. "तो शूरकेतू नव्हता. नुसता बैरागी होता. तिनं त्याला शिधा घातला आणि वाटेला लावला."

जोमा पाटलानं बयकडे पाहिलं.

"मग ती आत आली नाही. तशीच बंदरावर गेली. शूरकेतूचं गलबत तिथं उभं होतं, त्याला शिडं नव्हती. तिनं तांडेलाला विचारलं, शीड शिवायला किती दिवस लागतील?"

"आन् सेनापती?" बय म्हणाली.

"त्यालाही घेतला. वल्ही मारायला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गोदूताईंच्या चेहऱ्यावरही काहीतरी आलं, आणि त्या पुढे सांगू लागल्या. वादळ आलं, चाचे आले, सोन्याचं बेट आलं. सगळं बापूरावांचंच होतं, फक्त गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ती उभी होती. वाघसुद्धा आला, आणि यावेळी पिंजरा आधीच सांगितलेला होता. गलबत बंदराला लागलं तेव्हा बयनं सेनापतीचं पुढे काय झालं ते विचारलं नाही. तिनं नारळ फोडला. जोमा पाटलानं दुसऱ्याच दिवशी मांडव घातला.

त्यातलं एक अक्षर माझ्याकडे नाही. छापील भागात बैरागी म्हणजे शूरकेतूच आहे, चितेवर तोतयाच जळला आहे, आणि वर्गणीदारांनी समाधानाची पत्रं पाठवली. परतताना मचव्यातच मी गोदूताईंना हात जोडले, म्हटलं, जे सांगितलंत ते लिहून द्या. त्या म्हणाल्या, "लिहायचं नव्हतं, तात्या. एकदा ऐकायचं होतं." पुढेही बापूराव पुष्कळ वर्षं लिहीत राहिले, आणि मी छापत आणि चिडत राहिलो. गोदूताई गेल्या, मागोमाग बापूराव गेले, आणि ती कुंदलता कुठेच उरली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पण बापूराव म्हटले की मला आठवतात ते त्या देवळातले. कुंदलतेनं तांडेलाला विचारलं आणि गोदूताई क्षणभर थांबल्या, तेव्हा मी शेजारी पाहिलं. पागोटं सरकून कानावर आलेलं, हात मांडीवर तसेच. स्वतःच्या गोष्टीत पुढे काय होणार हे त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. ते खांब सोडून पुढे सरकले, बयच्याही आधी, आणि त्या बसलेल्या घशातून सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मग?"